चोवीस वर्षं मीठ कमी

"मी मेल्यावर तुम्ही काय रांधाल, ते मला कुठे दिसणार आहे?" असं म्हणून सावेताआजीने सत्तराव्या वर्षीच स्वतःच्या श्राद्धाचं जेवण घालायला लावलं. आमच्या ओल्टेनिया प्रांतात ते जिवंतपणीही घालता येतं. इटली-स्पेनमध्ये कामाला गेलेले सगळे काका आले. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. आजीने आईच्या हातच्या सार्मालेचं, म्हणजे खिमा-भात भरलेल्या गुंडाळीचं, कोबीचं पान उलगडलं, एक घास खाल्ला आणि ताट सारलं.

"मीठ कमी आहे गं सूनबाई. हे काही धरायचं नाही. पुढच्या वर्षी परत."

असं चोवीस वर्षं चाललं. दरवर्षी मीठ कमी आणि दरवर्षी सगळे हजर.

या मार्चमध्ये आजी खरोखरच गेली. श्राद्धाला जेवायला बसताना इलारिए काका म्हणाले, "सुटलात वहिनी! आता आम्हालाही पुढच्या वर्षी यायचं काही कारण उरलं नाही."

मी सार्माले चाखलं. मीठ अगदी बरोबर होतं.


आईने एक घास खाल्ला आणि ताट सारलं. "मीठ कमी आहे, भावोजी. हे काही धरायचं नाही. पुढच्या वर्षी परत."