अठ्ठेचाळीस माणसांचं सासर

‘सदर कर्मचारी छापील यादी न वाचता शस्त्रक्रियेचे ट्रे भरतात, सबब रुग्णांच्या जिवास धोका आहे.’ चौकशी समितीचा हा निष्कर्ष सुनावणीच्या आदल्या दिवशीच टंकलिखित होऊन तयार होता. त्याचा पूर्वार्ध संपूर्ण खरा होता. उत्तरार्ध तपासायला एक रिकामा ट्रे पुरला असता. परंतु तेवढी तसदी घेण्याचे समितीत फक्त मेट्रनबाईंना सुचले.

म्हणून भर दुपारी निर्जंतुकीकरण विभागातल्या लांब पोलादी टेबलाशी ट्रे भरणाऱ्या मावशी उभ्या होत्या. समोर रुग्णालयाचे प्रशासक, मेट्रनबाई आणि जबाब लिहून घेणारा कारकून. दोष सिद्ध झाला, तर अवजारांच्या कपाटाची किल्ली आजच जमा करून घरी जायचे होते. एकोणीस वर्षे ती किल्ली मावशींच्या कमरेला होती. टेबलाच्या कडेला इतरांनी यादी वाचून भरलेले दोन ट्रे तुलनेसाठी मांडले होते.

मावशींना अक्षरे दिसत. ती जागेवर ठरत नसत. याला त्याच इमारतीत, दोन मजले वर, वैद्यकीय ग्रंथालयात डिस्लेक्सिया म्हणतात. तळमजल्यावर निष्काळजीपणा म्हणत.

“यादी समोर घ्या,” प्रशासक म्हणाले.

“नको साहेब. या अक्षरांचा भरवसा नाही. मान वळवली की जागा बदलतात.” मावशींनी कागद पालथा घातला. “माझ्या माणसांना बसायची शिस्त आहे.”

“कुठल्या माणसांना?”

“सासरच्या.”

कारकुनाला हसू फुटले. मावशींनी हात धुतले, मोजे चढवले आणि सुरुवात केली. पोटाची जखम उघडी धरणारा सर्वांत मोठा आकडा वरच्या कोपऱ्यात गेला. “सासरेबुवा, या.” त्याच्या शेजारी तसलाच, पण जरा रुंद; त्या सासूबाई. कात्र्या म्हणजे नणंदा. त्यांची तोंडे भिंतीकडे, “नाहीतर बोलता बोलता कापतात.” सरळ चिमटे म्हणजे दीर, वाकडे म्हणजे जावा, प्रत्येक दिराच्या कुशीला त्याची बायको. हात एकदाही मागे आला नाही, की एखाद्या अवजारावर अडखळला नाही. ज्या शाळेने या मुलीला ‘डोक्यात काही शिरत नाही’ म्हणून चौथीतच घरी बसवले, त्या शाळेला शिकवण्याची दुसरी रीत सापडली नव्हती. मुलीने ती स्वतः शोधली, आणि तिच्या भरवशावर एकोणीस वर्षे अनोळखी माणसांची पोटे बिनघोर उघडली गेली.

“झालं. घर भरलं,” मावशी म्हणाल्या.

कारकुनाने अवजारे मोजली, यादी सुलटी करून पडताळली, पुन्हा मोजली. “यादीत सत्तेचाळीस आहेत साहेब. इथं अठ्ठेचाळीस. एक वाकडा चिमटा जास्त.”

प्रशासकांचा चेहरा उजळला. “बघा! आम्ही दुसरं काय म्हणत होतो?”

मावशी ट्रेकडे बघत राहिल्या. “जास्त कसा? दीर सहा आहेत. मग सहाव्याच्या बायकोला काय माहेरी ठेवू?”

मेट्रनबाई उठल्या. कपाटाच्या तळाशी शल्यचिकित्सकांनी हाताने लिहिलेली मूळ यादी होती, जिच्यावरून आठ महिन्यांपूर्वी छापील यादी तयार झाली. मूळ यादीत वाकडे चिमटे सहा. छापीलमध्ये पाच. मग त्यांनी कडेचे दोन्ही ट्रे उघडले. पाच आणि पाच.

गेले आठ महिने शस्त्रक्रियागृहातून निरोप येत होता: एक वाकडा चिमटा पाठवा. मावशींच्या ट्रेमागून तो कधीच आला नव्हता. समितीच्या फायलीत या निरोपांची नोंद ‘डॉक्टरांची लहर’ अशी आहे.

“छापील यादीवर सही कुणाची?” मेट्रनबाईंनी विचारले.

“माझी,” प्रशासक म्हणाले.

“वाचून केली होतीत?”

प्रशासकांनी चष्मा काढला आणि स्वच्छ काचा बराच वेळ पुसल्या.

तरीही जबाबाचा कागद कोराच होता, आणि कोरा कागद फायलीत चालत नाही. त्यावर प्रश्न एकच छापला होता: यादी न वाचता ट्रे भरले काय?

“नियम आहे, मावशी. उत्तर द्यावं लागेल,” प्रशासक पुटपुटले.

कारकुनाने पेन उचलले. मेट्रनबाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतले. “सांगा मावशी. शब्द न् शब्द लिहिते.”

आरोपीचा कबुलीजबाब असा:

“होय, न वाचताच भरले. वाचून भरले असते, तर धाकट्या दिराला आठ महिने बायकोशिवाय पाठवलं असतं.”