पाळण्याची साक्ष

"त्या दुपारी बाळाची आई काय म्हणाली?" शर्वाणीच्या नवऱ्याच्या वकिलांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ठेवलेल्या पाळण्याला विचारलं.

पाळणा हुबेहूब शर्वाणीच्या आवाजात म्हणाला, "नकोय मला हे बाळ. घेऊन जा कुणीतरी."

ताबा कुणाकडे, हे आजच ठरायचं होतं. सात महिन्यांची ओवी सासूबाईंच्या मांडीवर होती. आईचा आवाज ऐकून ती झेपावली, पण आईकडे नाही, पाळण्याकडे.

"अहो, पुढचंही विचारा ना त्याला!" शर्वाणी उठून उभी राहिली. "तिचं पोट दुखत होतं, मी तीन दिवस झोपले नव्हते. बोलून गेले. पण लगेच उचललं तिला, दोन तास गात होते. सगळं ऐकलंय त्यानं."

"यंत्राची उलटतपासणी नसते, मॅडम. तुम्हीच तर लिहिलंय!" वकिलांनी कात्रण फडकावलं. कोर्टाच्या निकालांवरचं तिचं रविवारचं सदर होतं ते. घटनापीठानं घरातल्या यंत्रांची साक्ष मान्य केली, तेव्हा तिनं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं, 'जे खोटं बोलूच शकत नाही, त्याची उलटतपासणी कशाला?'

"त्या निकालाला मीही बांधील आहे, बाई," न्यायाधीश हळू आवाजात म्हणाल्या. ओवीचा ताबा वडिलांकडे गेला.

सासूबाई तिला घेऊन उठल्या, तसं ओवीनं भोकाड पसरलं. पाळणा आपसूक हलू लागला आणि शर्वाणीच्या आवाजात त्या दुपारचं गाणं म्हणू लागला. ते कुणी विचारलं नव्हतं, म्हणून लघुलेखिकेनं लिहून घेतलं नाही.