चौदा दिवस

देवबागचा हेमंत तारी जहाजावरची नोकरी संपवून घरी आला आणि महिन्याभरात त्याच्या उजव्या डोळ्याला धुरकट दिसू लागलं. बायकोने, शालनने, त्याला ओढतच इस्पितळात नेलं. रक्तात सिफिलिस निघाला.

"आजार डोळ्यात उतरलाय," डॉक्टर त्याला एकट्याला म्हणाले. "पण लवकर आलात, नजर परत येईल असं वाटतं. चौदा दिवस इंजेक्शन चुकवायचं नाही. आणि बायकोला सांगा, त्यांचंही रक्त तपासायला हवं."

हेमंतची जीभ काही उचलली नाही. शालन रोज डोळ्यात थेंब घालायची, पेज करून आणायची. तो तिच्याकडे बघायचं टाळायचा.

चौदाव्या दिवशी त्याने तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचली. डॉक्टर हसले. हेमंत बाहेर येऊन शालनशेजारी बाकावर बसला आणि परदेशातल्या बंदरात केलेली चूक त्याने रडत रडत तिला सांगितली.

"माका पयल्याच दिवशी कळलां," ती म्हणाली. "रिपोर्ट वाचलंय मी. माझां रगात पण तेव्हाच तपासून घेतलंय. माका काय नाय."

हेमंतचे हात आपोआप जोडले गेले.

"हात कसले जोडतास? भांडूचां आसा, तां आता घराक गेल्यार. आधी तुमचो डोळो वाचाक व्हयो हुतो."