माघातली छाटणी

आप्पा मोगरा छाटायचे ते दरवर्षी माघात. स्मरणशक्ती गेली आणि त्यांना रोजच माघ वाटू लागला. मोगऱ्याचे नुसते खुंट उरले, तरी सकाळी चहा झाला की कात्री हवीच.

सुनेने वाद घातला नाही. शेजारच्या जास्वंदीच्या काड्या आणून ती त्यांच्या आधी उठून वाफ्यात खोचून ठेवायची. आप्पा त्या मन लावून कापायचे.

आज, कधीतरी कापायची राहून गेलेल्या एका काडीपाशी ते थबकले.

"कापा ना, आप्पा," ती म्हणाली.

"अहो बाई, फुटलीय ती. कोवळी पानं दिसत नाहीत?" कात्री तिच्या हाती देत ते म्हणाले, "आमच्या सुनेला सांगा, हिला रोज पाणी घाल म्हणावं. तिच्या हातचं झाड जगतं."