जुनी तारीख

वस्तीतल्या मुलांना शिकवायला मी जुनाट सिस्टीमचे पाच लॅपटॉप मांडले होते. चिमीच्या लॅपटॉपला वायफाय मिळालं, पण एकही पान उघडेना. “आजोबा, ह्याची तारीख बघा! बारा वर्षं घोरतोय हा!” “तारीख चुकली की इंटरनेट दारातच अडवतं, बाळा. तारीख लक्षात ठेवणारा आतला छोटा सेल संपलाय. बंद केला की हा जुन्याच तारखेवर जातो.” “म्हणजे रोज तारीख बदलत बसू? बाकीच्यांना नवे सेल बसवलेत, ह्यानेच काय घोडं मारलंय?” हा माझ्या मुलाचा लॅपटॉप. सुरू केला की पोरगा जिवंत असतानाची तारीख दिसायची. रोज सकाळी मी ती बघून घ्यायचो. चिमी वाट बघत होती. शेवटी मी खिशातून नवा सेल काढला, स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि म्हणालो, “हळू हं. जुना सेल फेकू नकोस, मला दे.”