चौकशीला रिक्षा बरी

"टॅक्सी नको, मी रिक्षाच बघतो," म्हणत मानसिंगरावांनी टॅक्सीवाल्याच्या हातातून आपली बॅग सोडवून घेतली.

सोलापूरच्या विमानतळाबाहेर ऊन मी म्हणत होतं. टॅक्सीत गारवा होता, पण टॅक्सीवाल्यांना रस्ते माहीत असतात, माणसं नाही. सोयरिकीची चौकशी करायची तर रिक्षाच बरी. मोहोळच्या मातीत वाढलेल्या माणसाला हे काय शिकवायचं! आधी न कळवता जायचं, किराणावाल्याला, शेजाऱ्याला, रिक्षावाल्याला हळूच विचारायचं, आणि मग पाहुणे म्हणून दार वाजवायचं. त्यांचे वडील यासाठी एसटीनं हिंडले. हे मुंबईहून विमानानं आले, एवढाच फरक.

गुलाबी रिक्षा पुढे आली. चालवणारी बाई होती, उन्हासाठी तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे तेवढे उघडे. मानसिंगराव खूश झाले. बायकांना घराच्या आतलंही ठाऊक असतं.

"जुळे सोलापूरला चला, ताई. तिथं जगताप राहतात, टॉवेलच्या कारखान्यात आहेत. माहीत आहेत का?"

"हाय की म्हाईत." रिक्षा होटगी रोडला लागली. "सोयरीक काढलीय व्हय?"

"छे छे! एका ओळखीच्यांसाठी विचारतोय." चोराच्या मनात चांदणं, त्यातली गत.

"मुलगी लई गुणाची. आरोही नाव. शिकली, नोकरी करती. बाप गरीब गाय."

"आणि आई? घरीच असते म्हणे."

"आई व्हय? जरा तोंडाळ हाय." बाई हसली. "पर लेकीवर लई जीव."

मानसिंगरावांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण घर जितकं चांगलं निघत होतं, तितकी त्यांची मान खाली जात होती. त्यांच्या शिवराजचं आधी एक लग्न झालं होतं. चौथ्या महिन्यात सून माहेरी गेली ती परत आलीच नाही. निघाली त्या सकाळी तिच्या गालावरचा वळ मानसिंगरावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि वर्तमानपत्र पुढे ओढून घेतलं होतं. मध्यस्थाला मात्र 'मुलगा प्रथमवर' म्हणून सांगितलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायला आलो वाकून! या विचारानं त्यांना विमानातला चहासुद्धा गोड लागला नव्हता.

म्हणून येताना त्यांनी मनाशी एक ठरवलं होतं. माणसं सरळ निघाली, तर त्यांच्यासमोर बसून सगळं खरं सांगायचं. मग सोयरीक मोडली तर मोडली.

आता ती वेळ जवळ आली होती.

"म्हणजे घरात खोट काही नाही?" त्यांनी विचारलं. काहीतरी निघावं, असं त्यांना वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

बाईनं आरशातून मागं पाहिलं. आसरा चौक मागे पडला.

"खोट न्हाय म्हनता येत. पर एक गोष्ट त्यांनी लपवलीया. मध्यस्थाला सुदिक सांगितली न्हाय."

"कसली गोष्ट?"

"ती त्यांच्या तोंडानंच ऐका. मी कशाला सांगू?"

मानसिंगरावांचा जीव भांड्यात पडला. मुलीचं आधी कुठं जमलं असेल, मोडलं असेल. काहीही असो, त्यांनीही लपवलं होतं! त्यांनी लगेच बायकोला फोन लावला. गोजरबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागलं. रिक्षा चालवणारं माणूस समोर असतं, पण आपण ते नसल्यासारखंच बोलतो.

"अगं, त्यांच्यातही काहीतरी झाकलेलं आहे! मग आपण तरी कशाला शिवराजचं पहिलं लग्न सांगत बसायचं?... हो, मारलं तिला, मान्य आहे. पण घटस्फोट झाला, विषय मिटला. नाही सांगत मी आता काही."

रिक्षा एकदम हळू झाली. खड्डा असावा.

फोन खिशात टाकला आणि मानसिंगरावांचे कान तापले. सुटलो म्हणावं, तर तो गालावरचा वळ पुन्हा डोळ्यांसमोर आला. स्वतःचीच अशी शरम त्यांना कधी वाटली नव्हती. पण फोन करून सगळं परत घेण्याइतकीही ती नव्हती.

"त्या दुकानापाशी सोडा, ताई. आधी तिथं विचारतो."

"दुकानात कशाला, काका? दारातच सोडते."

"अहो, नको—"

पण रिक्षा गल्लीत वळली आणि एका बैठ्या घरापुढे थांबली. दारात मुलगी उभी होती. फोटोतली हीच. मानसिंगराव गडबडीनं शर्ट नीट करत उतरले, चेहऱ्यावर पाहुण्याचं हसू आणलं.

मुलीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

"आई, आज लवकर आलीस गं?"

बाईनं तोंडावरची ओढणी सोडली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"आमी लपवलं ते एवढंच, काका. मुलीची आई रिक्षा चालवती."