आडोसा

“बॅग ठेव खाली!” तो ओरडला.

तिने ठेवली नाही. ती दारातच उभी राहिली. बाहेर टेकडीवरचा वारा भिंतींना धडका देत होता, छपराचे पत्रे खडखडत होते, आणि त्याचा आवाज त्या सगळ्याच्या वर होता. नेहमीसारखाच.

“बस चुकेल माझी, काका!” तीही ओरडली. या घरात दुसरा इलाजच नव्हता.

तो तिच्या आईचा दुसरा नवरा. आईचा हात धरून ती या टेकडीवर आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. आज ती दूरच्या शहरात, एका दवाखान्यात नोकरीला निघाली होती. मधल्या सगळ्या वर्षांत ती त्याला काका म्हणत आली आणि त्याने तोंड उघडलं की खांदे आक्रसून घेत आली. खालच्या वस्तीत त्याला भोंगा म्हणत. दुकानात जाऊन त्याने खिळे मागितले, की दुकानदार दोन्ही हात वर करायचा. “देतो बाबा, देतो! मारू नकोस!” लोक पोट धरून हसायचे. तिला कधी हसू आलं नाही. “जेवलीस का?” हेसुद्धा तो असं विचारायचा, की तोंडातला घास घशात अडकावा.

आता इथे परत यायचं नाही, आईलाच तिकडे बोलावून घ्यायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आईजवळ ती हे बोलली नव्हती. पण आईला काही गोष्टी न सांगता कळत.

“जा ग त्यांच्याबरोबर!” आई आतून ओरडली. “जाता जाता एवढं तरी ऐक माझं!”

तो तोवर बागेकडे चालू लागला होता. तिने बॅग टेकवली आणि निघाली.

बाग म्हणजे त्याचं खूळ. या टेकडीवर काही टिकत नसे. केळी फाटली, पपई मोडली, लिंबू मुळासकट उपटून पडलं. मग वारा अडवायला त्याने बांबू लावायला घेतला. आधी उंच, सरळ जातीचा लावला, तर वारा खालच्या उघड्या बुंध्यांमधून शीळ घालत आत आला. मग बुटका, झुडपासारखा लावला, तर वारा त्याच्यावरून उडी मारून अलीकडे कोसळला. लोकांनी सांगून पाहिलं, बायकोने हात टेकले. पण तो पंप दुरुस्तीला जाईल तिथून काहीतरी घेऊन यायचाच. ओल्या पोत्यात गुंडाळलेला एक नवा कंद. काटेरी, काळा, पिवळा, पेरापेराला पोट सुटलेला. सगळे एकमेकांत मिसळून लावायचा. कोण किती वाकतो ते बघत उभा राहायचा. उपटायचा, जागा बदलायचा, पुन्हा लावायचा. एखादं बेट मोडलं, की त्या फटीत वेगळ्या जातीचं दुसरं.

ती कधी आत गेली नव्हती. बाहेरून ती बाग समुद्रासारखी गर्जायची. एवढा आरडाओरडा घरात काय कमी होता!

काटेरी बेटांमध्ये एक अरुंद वाट होती. तो अंग तिरकं करून आत शिरला. ती त्याच्या मागे.

पुढे जाड हिरवे बांबू होते. एकमेकांवर घासून जुन्या दारांसारखे कुरकुरत होते. त्यापुढे पिवळे, एकमेकांवर टकटक आपटणारे. दर पावलाला वाऱ्याची गर्जना थोडी वर सरकत होती, जणू कोणी तिला पाण्यात खाली खाली नेत होतं. मग बोटाएवढे बारीक बांबू आले, दाट पानांचे. ते तिने हातांनी बाजूला केले आणि ती थबकली.

तिचे केस खांद्यावर उतरले आणि तिथेच राहिले.

दोन काठ्यांच्या मध्ये कोळ्याचं जाळं होतं. अख्खं. या टेकडीवर तिने कोळ्याचं जाळं पाहिलंच नव्हतं. जमिनीवरचं वाळकं पानसुद्धा हलत नव्हतं. तिने मान वर केली. वर शेंडे कमरेत मोडल्यासारखे वाकत होते, आभाळ नुसतं घुसळून निघत होतं. आणि खाली ती उभी होती, तिथे काही नाही. तिने बोट ओलं करून वर धरलं. काहीच नाही. एवढा वारा गेला कुठे? तिला स्वतःचा श्वास ऐकू आला.

“ऐकू येतंय का?” कोणीतरी विचारलं.

आणखी कोण आलं म्हणून तिने वळून पाहिलं. कोणीच नव्हतं. फक्त तो होता, बांबूला धरून उभा.

“काका, तुम्ही बोललात?” तिचाही आवाज खाली आला होता. तो तिला ओळखीचा वाटला नाही.

“सराव करतोय,” तो म्हणाला. मऊ, जरासा फाटका आवाज. कधी न वापरलेला. “जन्म इथलाच. हळू बोलायची गरजच पडली नव्हती. या वर्षी कुठे शेवटची फट बुजली.”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. नखाने बांबूचं पेर खरवडत राहिला. एवढा मोठा माणूस, पण लाजला होता.

“पण हे सगळं कशासाठी केलंत?” तिने विचारलं.

त्याने पायाजवळचं एक वाळकं पान उचललं. मग म्हणाला, “तू या घरात आलीस ना, तेव्हा मला फार आनंद झाला होता. आता असली गोष्ट ओरडून कशी सांगायची, पोरी?”